तिन्ही कॅमेऱ्यांकडे बघणारी आत्या

कॅमेऱ्यात बिघाड असेल, लेन्स खराब असेल, एडिटिंगमध्ये काहीतरी गडबड झाली असेल... असं सांगणार असाल तर कृपा करून राहू द्या. ते सगळं तपासून आम्ही पार थकलोय.

हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. रात्रीबित्री नाही. रविवारी, भर दुपारी, तिसऱ्या मजल्यावरच्या एका रिकाम्या फ्लॅटच्या हॉलमध्ये.

मी माझा पहिला चित्रपट करत होते. पाठीशी निर्माता नाही, स्टुडिओ नाही. दिग्दर्शन माझं, कॅमेरा मोठ्या भावाकडे, आणि मुख्य भूमिकेत आमची आत्या. आई गेल्यावर आम्हा दोघांना तिनेच वाढवलं. दिवसा टेलिफोन ऑफिसात नोकरी, संध्याकाळी हौशी नाटकं. कॅमेऱ्यासमोर मात्र ती पहिल्यांदाच उभी राहणार होती.

सगळं जुळून आलं होतं. घोडं अडलं ते कॅमेऱ्यावर.

दादाला मोठा सिनेमा कॅमेरा हवा होता. रंग सुरेख, पण धूड एवढं की लहान खोलीत तो मावला तर आम्ही मावणार नाही. मला मधला पटला होता. कमी उजेडातही चित्र स्वच्छ. तिसरा जेमतेम हाताएवढा. समोर चेहरा आला की आपणहून फोकस धरणारा. महिनाभर आमची यावरूनच जुंपत होती. शेवटी वैतागून मी म्हटलं, "तिन्ही भाड्याने आण. एकच शॉट, एकाच वेळी, एकाच उजेडात. मग वाद बंद."

एक कॅमेरा डावीकडे, एक समोर, एक उजवीकडे. मध्ये खुर्चीवर आत्या.

"तिन्ही डबडी माझ्यावरच का रोखलीत रे? मी काय पळून चाललेय?"

"आत्या, तू फक्त खिडकीबाहेर बघत बस. कॅमेऱ्याकडे अजिबात नाही."

शॉट सुरू झाला आणि दादाची चिडचिडही.

लहान कॅमेऱ्याचा फोकस टिकेना. चेहऱ्याभोवती येणारी ती छोटी चौकट आत्याला सोडून सारखी मागच्या भिंतीवर जात होती.

"ह्याला भिंतीत चेहरा दिसतोय," दादा करवादला. "बाद करून टाक हा."

मी हेडफोन लावला. खाली रस्त्यावर कुणीतरी जोरजोरात हॉर्न वाजवत होतं. हेडफोनमध्ये मात्र...

काहीच नाही.

ना हॉर्न, ना पंखा, ना दादाची बडबड. फक्त कुणीतरी संथपणे श्वास घेत होतं.

मी वायर बदलली. माइक बदलला. तेच.

"एक काम धड होत नाही आज!" मी हेडफोन आपटला. शॉट थांबवून आम्ही तिन्ही चित्रं लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावली.

डावीकडच्या चित्रात आत्या थेट लेन्समध्ये बघत होती.

माझं डोकंच फिरलं. "आत्या, एवढं सांगितलं होतं गं, कॅमेऱ्याकडे बघू नकोस म्हणून!"

"मी बाहेरच बघत होते, बाई. मान अवघडली माझी."

"थांब जरा," दादा हळूच म्हणाला. "मधलं बघ. आणि उजवीकडचंही."

मधल्या चित्रातही ती थेट लेन्समध्ये बघत होती.

उजवीकडच्याही.

एकाच क्षणी. तिन्ही दिशांना.



मग दादा उसळला. फाइली एकमेकींत मिसळल्यात, कार्ड खराब आहे, भाड्याने देणाऱ्याने गळ्यात काहीतरी मारलंय... मीही त्याचीच री ओढली. चिडणं सोपं होतं हो. घाबरण्यापेक्षा खूप सोपं.

पुन्हा शॉट घेतला. या वेळी मी आत्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. ती सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. शपथेवर सांगते.

लॅपटॉपवर पुन्हा तेच. तीन चित्रं. तिन्हींत ती माझ्याकडे बघत होती.

आत्याने वाकून स्क्रीन पाहिली. बराच वेळ पाहिली.

"ती मी नाही," ती म्हणाली. "मला कसंतरी होतंय. मी खाली बाकावर जाऊन बसते."

तेव्हाच सगळं गुंडाळून निघायला हवं होतं. पण दादा हट्टाला पेटला. "रिकाम्या खुर्चीचा शॉट घेऊ. दोष कशात आहे ते कळेल तरी."

मी खिडकीतून खाली पाहिलं. आत्या बाकावर बसली होती. मी वळले, कॅमेरे सुरू केले.

खुर्ची रिकामी होती. हेडफोनमध्ये तोच संथ श्वास.

मग...

कानात खुर्ची करकरली. कुणी नीट सावरून बसावं तशी.

समोरची खुर्ची तसूभरही हलली नव्हती.

दादाने चित्रं लावली. तिन्ही चौकटींत खुर्चीवर आत्या बसली होती. तिन्हींकडे बघत. लहान कॅमेऱ्याचा फोकस आता एकदम नेमका होता.

आम्ही तसेच जिन्यावरून धावत सुटलो.

आत्या बाकावरच होती. "झालं का तुमचं?" तिने विचारलं. आवाज तिचाच, अगदी नेहमीचा. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, तिचे हात धरले. ती माझ्याशी बोलत होती... पण बघत होती माझ्या कानाशेजारून, दूर कुठेतरी.

"आत्या, माझ्याकडे बघ ना."

"तुझ्याकडेच तर बघतेय."

डोळ्यांचे डॉक्टर झाले, मेंदूचे झाले. सगळे म्हणतात, काहीही दोष नाही. ती पेपर वाचते, सुईत दोरा ओवते, आमच्याशी हसते, भांडते. फक्त बघताना तिची नजर आमच्या बाजूने निघून जाते. खिडकीबाहेर बघावं तशी. आणि तिला ते पटत नाही. विषय काढला की रागावते.

चित्रपट बंद पडला. दादाने कॅमेऱ्याला हात लावणं सोडलंय. त्या फाइली पुसून टाक म्हणून माझ्या मागे लागतो. त्यावरूनही आमची भांडणं होतात.

मी पुसायला बसते. दर वेळी बसते. फाइल उघडते, आणि ती माझ्याकडे बघते.

ती कोण आहे, मला माहीत नाही. भीती वाटते तिची.

पण आता माझ्याकडे बघणारी तेवढीच एक आत्या उरली आहे.