अडीच बोटं

“बाई, ते सर पकोडी फोडून खातात. मी दोनदा बघितलं.”

सातवीतल्या अहल्यानं हे मला शाळेच्या फाटकात, दप्तर सावरत, अगदी हळू आवाजात सांगितलं होतं. पकोडी म्हणजे आमच्या बडोद्याची पाणीपुरी. मी हसले.

“सगळ्यांनी तुझ्यासारखं बकाबका खायला हवं का गं? काही माणसं नीटनेटकी असतात.”

तिला जे दिसलं होतं, ते मला दिसायला आणखी दीड महिना लागला. मी त्या माणसाच्या डोळ्यांकडे बघण्यात गुंतले होते ना...

बाजव्याच्या मराठी शाळेत मी विज्ञान शिकवायची. एका शुक्रवारी हजेरीपुस्तक विसरलं म्हणून सातवीच्या वर्गात परत गेले, तर दारातच एक अनोळखी तरुण आडवा आला. बाह्या दुमडलेल्या, हातात रबर लावलेली प्लास्टिकची पुडी.

“चल ना यार, एकदाच. कुणाला कळणारे?”

माझा पाराच चढला. “शाळा आहे ही! आत्ताच्या आत्ता बाहेर व्हा!”

वर्ग खिदळला. तो मात्र शांतपणे मुलांकडे वळला. “बघितलंत? डोळ्यांत डोळे, आवाज खणखणीत, आणि कारण एकही दिलं नाही. पैकीच्या पैकी गुण.” मग जरा ओशाळून मला म्हणाला, “मी हेरंब. व्यसनाला नाही कसं म्हणायचं, ते शिकवायला आलोय. पुडीत बडीशेप आहे.”

“मग आधी सांगायचं!”

“सांगितलं असतं, तर तुम्ही इतक्या छान रागावला नसता...”

मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात तो यंत्रांच्या देखभालीवर होता, आणि शुक्रवारची सुट्टी शाळांना द्यायचा. त्याच्या तासाला भाषण नसे, भयंकर चित्रं नसत. मुलं जोडीनं समोरासमोर उभी राहायची. एकानं आग्रह करायचा, दुसऱ्यानं नाही म्हणायचं.

“कारण देऊ नका,” तो सांगायचा. “आई रागावेल म्हणालात, की समोरचा म्हणतो, आईला कोण सांगतंय? नुसतं नाही म्हटलं, की त्याला धरायला काही उरत नाही.”

शेवटी तीन बोटांची परीक्षा. अंगठ्याशेजारची तीन बोटं जुळवायची आणि उभी तोंडात घालायची. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू आवळत जातं. बोटं अडतात, साधं तिखटही झोंबतं.

“बाई दाखवतील,” तो दर वेळी म्हणायचा. मग मी फळ्यापाशी उभी राहून दाखवायची. मला वाटे, माझ्याकडे बघायला त्याला निमित्त हवं असतं. आरशासमोर वेणी घालताना मी ते आठवून उगाच हसायची सुद्धा.

शाळा सुटली की फाटकाबाहेरच्या पकोडीच्या गाडीवर आम्ही दोघं उभे राहायचो.

“मोळी बनावजो, भाई,” तो सांगायचा. मोळी, म्हणजे अगदी बिनतिखट.

“बडोद्यात वाढलेल्या माणसाला शोभतं का हे?”

“तिखट समोर उभं आहे की. आणखी किती सोसायचं?”

“अस्सं? मग पुढच्या शुक्रवारपासून गोड बोलते.”

“नको हं... आता सवय झालीय.”

आणि तो पुरी बशीत ठेवून, दोन बोटांनी अलगद फोडून, अर्धी अर्धी खायचा. मला ते किती सभ्य वाटायचं!

मग शाळांच्या स्पर्धेत आमच्या वर्गाचं व्यसनाविरुद्धचं नाटुकलं पहिलं आलं. अहल्या पेढे घेऊन आली. मी भान विसरून एक अख्खा पेढा उचलला आणि सरळ त्याच्या तोंडापाशी नेला. पेढा दातांवर अडला. त्यानं चटकन मान वळवली, पेढा माझ्या हातातून घेतला... आणि फोडला.

अहल्या माझ्याकडे बघत होती.

शाळेची ओसरी रिकामी झाल्यावर मी म्हणाले, “तीन बोटं.”

“निरुपमा, इथे नको.”

“तीन बोटं, हेरंब.”

त्यानं हात वर नेला. दोन बोटं गेली. तिसरं पेरापाशीच थांबलं. मग त्यानं खिशातून पुडी काढून कठड्यावर ठेवली. रबर तसंच, प्लास्टिक तसंच. या वेळी वास बडीशेपेचा नव्हता.

“रोज दोन,” तो म्हणाला. “सोळाव्या वर्षापासून. शुक्रवारी मुलांसमोर असतो ना, तेव्हा वाटतं, सुटलंच. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत दोस्त हात पुढे करतात, आणि...”

“आणि मुलांना शिकवलेलं सगळं तू विसरतोस.”

“तू?” तो दचकला. पहिल्यांदाच मी त्याला अरेतुरे केलं होतं, आणि ते असं. “मी पुढच्या शुक्रवारपासून शाळेत येत नाही. मला तोंड नाही मुलांना काही सांगायला.”

राग होता, रडू होतं, पण सगळ्यात जास्त भीती होती. याच आजाराबद्दल मी वर्गात शिकवलं होतं. पुढे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, हे मला पाठ होतं.

“मुलांना सांगू नकोस. शीक,” मी म्हणाले. “उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचं. आणि संध्याकाळी सहाला हरणीत, आमच्या सोसायटीच्या बाकावर यायचं. जोडीदार मी.”

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. आवळलेलं तोंड पूर्ववत होणं कठीण. पण मावा आज बंद झाला, तर पुढचं थांबू शकेल. औषधं दिली, आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांमध्ये धरून करायचा व्यायाम दिला, दर महिन्याला तपासणी सांगितली.

आणि मग सुरू झाल्या आमच्या संध्याकाळी. लोकांच्या प्रेमात फुलं असतात, माझ्या हातात बडीशेपेची पुडी असायची.

“चल ना यार, एकदाच.”

“नाही.”

“खाली काय बघतोस? माझ्याकडे बघून म्हण.”

“तुझ्याकडे बघून नाही म्हणणं फार अवघड आहे, बाई.”

“पुन्हा!”

“नाही... नाही... नाही!” समोरच्या झोपाळ्यावरचे गोविंदकाका चष्म्यावरून बघायचे. त्यांना वाटायचं, पोरगी मागणी घालतेय आणि पोरगा नकार देतोय.

दोनदा तो घसरला. दोन्ही वेळा स्वतःहून येऊन सांगितलं. दुसऱ्या वेळी मी रागानं तोंड फिरवलं, पण बाकावरून उठले नाही. त्यानंतर काड्या हळूहळू वाढल्या. सतरा, अठरा, एकोणीस. एकविसावी बसली, तेव्हा त्यानं मला व्हिडिओ कॉलवर नुसतं हसून दाखवलं.

त्या संध्याकाळी तो म्हणाला, “आज उलट. मी आग्रह करतो, तू नाही म्हण.”

“कर.”

“माझ्याशी लग्न कर.” मग आवाज उतरला. “घाई नाही. माझं तोंड कधीच पुरतं उघडणार नाही, हे धरून सांग. आणि कारण देऊ नकोस.”

नियमाप्रमाणे मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिथेच चुकले. साठ मुलांना शिकवलेला तो एक शब्द मला काही केल्या आठवेना...

आज आमची मुलगी दोन वर्षांची आहे. दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही तिघं आरशासमोर उभे राहतो. ती आपली इवलीशी तीन बोटं तोंडात कोंबते आणि लाळ गाळत हसते. मी मात्र त्याच्या बोटांकडे बघत श्वास रोखून असते. अडीच जातात. त्या अर्ध्या बोटाची काळजी मला दिवसातून दहा वेळा वाटते. पकोडी तो अजूनही फोडूनच खातो, पण आता आमच्या घरात त्याला कुणी सभ्यपणा म्हणत नाही.

एक विनंती करू? आज जेवताना समोरच्या माणसाकडे जरा नीट बघा. घास फार लहान होतोय का? भाजी बिनतिखट मागितली का? पुरी फोडून खाल्ली का? रागावू नका. जवळ बसा, आपली तीन बोटं जुळवून दाखवा आणि म्हणा, “बघू, तुझी किती जातात?”