दुसरी स्क्रीन

टिण्ण!

एवढासा स्क्रू टेबलावरून फरशीवर पडला, पण त्या शांततेत तो मला पातेलं पडल्यासारखा वाजला. मी श्वास रोखून दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत पाहिलं. पिल्लू कुशीवर वळली, तोंडातला अंगठा सुटला, पुन्हा आत गेला. झोप शाबूत! मी रांगत जाऊन कपाटाखालून स्क्रू काढला आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये परत डोकं घातलं.

लेकीची दुपारची झोप म्हणजे माझी लूट. त्या वेळात मी झोपावं असं सगळे सांगतात. मी झोपत नाही. मी गाडी चालवते.

हा कॉम्प्युटर मी माझ्या हातांनी जोडलाय. एकेक भाग निवडून, पोट पुढे आलेलं म्हणून टेबलापासून हातभर लांब बसून. शेवटची केबल लावली आणि त्याच आठवड्यात लेक झाली. नवरा अजून चिडवतो, "हिची दोन्ही बाळं बरोबरची, पण जास्त त्रास देतं ते डब्यातलं."

आमचा खेळ मोटारींच्या शर्यतीचा. कच्चे रस्ते, जंगल, एका बाजूला दरी. मी चालवायचं आणि दुसऱ्या गावात आपल्या घरी बसलेल्या माझ्या धाकट्या बहिणीने हेडफोनमधून पुढची वळणं ओरडून सांगायची. मूल होण्याआधी आमची जोडी नेहमी पहिल्या आठांत असायची. मग माझी जागा रिकामी पडली आणि आमच्याच गटातल्या एका दीडशहाण्याने लिहिलं, ‘त्या ताई आता अंगाईच्या स्पर्धेत दिसतील.’ धाकटीने ते मला मुद्दाम वाचून दाखवलं होतं. या रविवारी दुपारी वर्षातली निवड फेरी होती, पहिल्या आठ जोड्यांची. मला माझी जागा परत हवी होती. इतकी, की भांडी घासतानाही माझा उजवा पाय ब्रेक शोधायचा.

आणि नेमका आत्ताच कॉम्प्युटर दमायला लागला होता.

स्क्रीनवर गाडी पळते म्हणजे कॉम्प्युटर आपल्या ग्राफिक्स कार्डावर भराभर चित्रं काढत असतो. माझा सेकंदाला एकशेवीस काढायचा, लोण्यासारखा. हल्ली मधेच चाळीसवर यायचा. वळणावर चित्र अडखळायचं आणि मी थेट झाडात.

"धूळ काढलीस?" धाकटी फोनवरून कानात विचारत होती.

"काढली."

"चिप गार ठेवायची पेस्ट?"

"बदलली. दहाही बोटं राखाडी झालीत."

"ग्राफिक्स कार्ड नीट बसलंय ना?"

"बसलंय, उठलंय, परत बसलंय. माझ्यापेक्षा जास्त व्यायाम झालाय त्याचा."

मी झाकण लावलं, बटण दाबलं, खेळ सुरू केला. चाळीस. शिवी गिळली, कारण घरात आता तीन वर्षांचा पोपट आहे; बोललेलं सगळं दुसऱ्या दिवशी खाली खेळायला जाऊन सांगतो.

पण खरं सांगते, मला मजा येत होती. बिघाड शोधताना अंगात एक वीज येते. हे नाही, मग ते. ते नाही, मग आणखी पलीकडे. दिवसभर मी वरणभात कालवते, नाकं पुसते. इथे मी गुप्तहेर होते.

पहिला धागा त्याच दिवशी मिळाला. पिल्लू उठली, केस विस्कटलेले, माझ्या मांडीवर येऊन बसली आणि आकडा टुणकन एकशेवीसवर गेला.

"तिला मांडीवर घेऊनच खेळ," धाकटी म्हणाली. "पायगुण आहे पोरीचा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा तिला बागेत घेऊन गेला. तासभर गाडी तुफान पळाली. मी आणि धाकटी जुने विक्रम मोडत होतो, ती ओरडत होती, "उजवं, सैल! डावं, आवळून! उडी, उडी!" आणि एका उडीच्या मधोमध, गाडी हवेत असताना, चित्र गचकलं. चाळीस.

थोड्या वेळाने दार उघडलं. नवऱ्याच्या खांद्यावर लेकीचं डोकं लोंबत होतं.

"रस्त्यातच झोपली?" मी विचारलं.

"कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी. आत्ताच. बोलता बोलता गेली. का गं, असं काय बघतेस?"

"काही नाही. चप्पल पडली बघ तिची."

मी विज्ञान शिकलेली बाई आहे. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. म्हणून मी पुढच्या दुपारी नीट बसले. लेक आत झोपलेली. मी खेळ बंद केला. मग एकेक करून बाकी सगळं बंद केलं. स्क्रीनवर नुसता निळा रंग उरला. कॉम्प्युटरला करायला काही म्हणजे काही काम नव्हतं.

कार्डाचा पंखा थांबला नाही. कार्ड निम्म्याहून जास्त ताकद लावून काहीतरी काढत होतं.

"कुणासाठी काढतंय पण?" धाकटी फोनवर म्हणाली.

तिच्या त्या प्रश्नाने डोक्यात दिवा पेटला. स्क्रीनच्या सेटिंगमध्ये मी आजवर गेलेच नव्हते. घरात एकच मॉनिटर, तिथे काय बघायचं? मी गेले. तिथे दोन चौकोन होते. पहिल्यात १ लिहिलेलं. त्याला उजवीकडे खेटून दुसरा, त्यात २.

मी टेबलामागे वाकून पाहिलं. कार्डाला एकच केबल होती. बाकीच्या जागांवरची रबरी टोपणं कारखान्यातून आली तशीच.

"सापडलं!" मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले. "कार्डाला भास होतोय! नसलेल्या मॉनिटरसाठी राबतंय बिचारं!"

"मग काढून टाक ना तो!"

"थांब, आधी खात्री करते."

तिथे एक बटण असतं. दाबलं की प्रत्येक स्क्रीनवर तिचा तिचा आकडा मोठा उमटतो, कुठली कितवी ते कळावं म्हणून. मी दाबलं. माझ्यासमोर भलामोठा १ उमटला.

आतल्या खोलीतून लेक म्हणाली, "दोन."

मी उठून पाहिलं. डोळे मिटलेले, अंगठा ओठांपासून थोडा दूर, पोट संथ वरखाली होत होतं.

"काय म्हणाली ती?" धाकटीने विचारलं.

"आकडे शिकतेय सध्या. दिसेल तिथे वाचते. गाड्यांवर, लिफ्टमध्ये."

"झोपेत?"

मी परत खुर्चीत येऊन बसले.

"परत दाब."

"नको."

"ताई, दाब ना. मला ऐकू दे."

मी हेडफोनचा माइक दाराकडे वळवला आणि बटण दाबलं.

"दोन," लेक म्हणाली. जरा कंटाळून, एकदा सांगून कळत नाही का, अशा सुरात.

मग धाकटी म्हणाली, "तुझी पोरगी तुझ्या कार्डावर स्वप्नं बघते की काय?" आणि हसली. मी हसण्याची ती वाट बघत होती.

मी भ्यायला हवं होतं. पण मला पुढचं करून बघायची घाई झाली होती. दुसरा चौकोन पहिल्याच्या उजवीकडे होता, म्हणजे माउसचा बाण उजव्या कडेवरून पलीकडे जायला हवा. मी बिनवायरचा माउस उचलला, लेकीच्या दारात उभी राहिले आणि तो चौकटीच्या लाकडावर हलकेच उजवीकडे सरकवला. माझ्या स्क्रीनवरून बाण गेला.

लेकीच्या मिटल्या पापण्यांखाली बुबुळं हलली.

मी माउस वर नेला. बुबुळं वर गेली. मी गोल फिरवला. ती गोल फिरली. मग ती झोपेत खुदकन हसली आणि फुलपाखरू धरावं तसा एक हात हवेत मारला.

त्या दुपारी मी शर्यतीचा सराव केलाच नाही. दारात उभी राहून माझ्या झोपलेल्या बाळाशी खेळत राहिले. इतकी जवळ ती मला पोटात असतानाही वाटली नव्हती.

धाकटीचा मात्र जीव रविवारवर. "दुसरी स्क्रीन तोडून टाक. तिथे तसं बटण असतंच."

"तोडा असं लिहिलंय त्यावर. मला नाही दाबवत."

"मग एक दिवस जागी ठेव तिला!"

रविवारी नवऱ्याला कामावर जावं लागलं. मी लेकीपुढे पाण्याची बादली ठेवली, रंग ठेवले, नाचले, घोडा झाले. जेवताना घास तोंडातच राहिला आणि तिची मान कलली. मी घास काढला, तोंड पुसलं, तिला आत निजवलं. बाहेर येऊन पाहिलं तर आकडा चाळीसवर होता आणि शर्यतीची आमची पाळी अगदी तोंडावर आली होती.

"ताई, काहीतरी कर!" धाकटी रडकुंडीला आली होती. "परत वर्षभर थांबायचं का?"

मी सेटिंग उघडलं. दुसऱ्या चौकोनावर गेले. तोडायचं नव्हतं. फक्त तिथल्या चित्राची बारकाई कमी केली तर? प्रत्येक चित्र जरा जाडंभरडं निघेल, कार्डाला कष्ट कमी पडतील. एका दुपारपुरतं. एवढ्याशा पोराला काय कळणार?

मी एकदम सगळ्यात खालची पायरी निवडली.

पंखा हळू झाला. दारातून पाहिलं, तिचा श्वास तसाच चालू होता. कपाळावर आठीसुद्धा नाही.

एकशेवीस.

"निघ!" धाकटी किंचाळली.

काय पळवली म्हणून सांगू! चिखल काचेवर उडत होता, झाडं कानाजवळून जात होती, धाकटीचा आवाज आणि माझे हात एकाच अंगाचे झाले होते. "डावं, आवळून, आवळून, सोड! उडी!" गाडी उडाली, उतरली, धरून राहिली. शेवटच्या वळणावर मी ब्रेकला पायच लावला नाही.

सातव्या! आम्ही सातव्या आलो!

"अंगाई म्हणे!" धाकटी बेभान हसत होती. "लिही म्हणावं आता!" मी तोंडावर उशी दाबून ओरडत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग आठवलं. मी घाईने खेळ बंद करून सेटिंग उघडलं. बारकाई परत वर न्यायची होती.

तिथे एकच चौकोन होता. १.

मी ते बंद केलं, परत उघडलं. एकच.

पंखा पूर्ण थांबला होता.

"ताई? काय झालं?"

मी हेडफोन काढून ठेवला. दारात लेक उभी होती. रडत नव्हती.

"आई," ती म्हणाली, "आज तुला तोंडच नव्हतं."

"कुठे गं, सोन्या?"

"तिकडे. तू मला घ्यायला आलीस ना. डोळे नाहीत, नाक नाही. नुसते चौकोन." तिने स्वतःच्या गालांवरून तळवा फिरवून दाखवला.

मी तिला उचलून घेतलं. ती ऊबदार होती, केसांना झोपेचा वास होता. "स्वप्न होतं ते," मी म्हणाले. "हे बघ. आहे की नाही माझं तोंड?"

तिने पाहिलं. खूप वेळ पाहिलं. माझं कपाळ, नाक, हनुवटी, एकेक करून बोटाने चाचपली, दुकानातली नवी वस्तू चाचपावी तशी.

"छान आहे," ती म्हणाली. "हे कुणाचं आणलंस?"