पांढऱ्या रेघेच्या बाहेर

"आधी बंद करा, मग द्या," टेबलामागचा तरुण म्हणाला, आणि हर्षदाचं डोकंच फिरलं.

यवतजवळची शाळा, मतदानाचा दिवस. फाटकात मोबाईल जमा करायचं टेबल, वर कागद चिकटवलेला – मोबाईल बंद करूनच आत. तिच्या मुठीतला बटणांचा फोन आप्पांचा होता. आप्पा पावसाळ्यात गेले, तेव्हापासून तिनं तो एकदाही बंद पडू दिला नव्हता. बंद करून सुरू केला, की तो चार आकडे मागायचा, आणि ते एकट्या आप्पांनाच ठाऊक होते. त्याची रिंग म्हणजे आप्पांनी मेंढरांना घातलेली हाळी, हौसेनं स्वतःच भरलेली. ती दुसऱ्या फोनात उतरवून द्यायला दुकानदारानं हात टेकले होते.

तिनं हे एका दमात सांगितलं. तरुणानं ऐकून घेतलं, पण मान काही हलली नाही.

तेवढ्यात पोपटराव पुढारी कानाला फोन लावून, बोलत बोलत आत गेले.

"त्यांचा फोन दिसत न्हाई व्हय तुम्हाला?"

तो उठला. व्हरांड्यात पोपटरावांना गाठून, हात जोडून, पण वाट अडवून उभा राहिला. फोन घेऊनच परतला.

"आता बोला," तो म्हणाला. "नेम तुम्हालाबी तोच."

हर्षदाला रडू येत होतं, म्हणून ती जास्तच चिडली. आप्पांनी चरायला लांब गेलेली मेंढरं भावकीवर सोपवून, पायी येऊन मत दिलं होतं, दर वेळी. आणि त्यांच्या लेकीनं तसंच माघारी जायचं?

त्यानं टेबलाशी शेजारी बसलेल्या रश्मीताईंना टेबल बघायला सांगितलं.

"रस्त्यावर ती शंभर मीटरची पांढरी रेघ हाय ना, तिच्या भाईर फोन चालू ठेवता येतो. मी तिथं धरून उभा राहतो."

"तुम्ही कोण? मी का द्यावा?"

"मल्हार. कुरकुंभला कंपनीत हाय, आज हितं स्वयंसेवक." त्यानं गाडीची चावी तिच्या हातावर ठेवली. "पळालोच, तर चालत पळावं लागंल."

हसू आलं त्याचाही तिला राग आला… पण फोन तिनं दिला.

बोटाला शाई लावून ती परतली, तर मल्हार भर उन्हात रेघेपलीकडे उभा. दोन पावलांवर लिंबाची सावली होती.

"सावलीत रेंज जात होती," तो म्हणाला. मग हळू आवाजात – "वाजला होता. मोबाईल कंपनीची जाहिरात असंल, उचलला न्हाई. पर त्या समोरच्या रानात चरणाऱ्या मेंढरांनी… माना वर केल्या."

हर्षदा बराच वेळ रानाकडं बघत राहिली. मघापासूनचा राग कुठं ठेवावा, ते तिला कळेना.

"चावी?" फोन तिच्या हातावर ठेवत त्यानं विचारलं.

"फोन करून मागा." तिनं आप्पांचा नंबर सांगितला.

मल्हारनं खिशातला स्वतःचा बंद फोन सुरू करून तिथंच उभ्या उभ्या तो नंबर लावला. तिच्या तळहातावर आप्पांनी हाळी घातली. तिनं लगेच उचलला नाही. त्यानंही ठेवला नाही.