एकेचाळिसाव्या पायरीवर

सहलीत स्वयंपाकासाठी जोड्या पाडायच्या होत्या. गटाचे म्होरके, निवृत्त पोस्टमन काका, टोपीतून चिठ्ठ्या काढत होते. माझ्या चिठ्ठीबरोबर तिची निघाली. दुसरी कुणाची निघाली असती, तर आज मी सुखानं झोपू शकलो असतो.

माझी बायको गेली, त्याला आठ महिने झाले. ही तिचीच गोष्ट.

मी वेल्डर. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. दोन दिवसांच्या त्या सहलीला तंबू घेऊन आम्ही बावीस जण गेलो होतो. त्यात कुणाची सोबत नसलेले आम्ही दोघंच.

"चूल तुम्ही पेटवा," ती म्हणाली.

"आग हा माझा धंदा आहे. नुसतं बघत राहा."

ती बघत राहिली. मी असा काही जाळ केला की भात बुडाला करपला आणि वर कच्चाच राहिला.

"अहो ठिणगीसाहेब, भात शिजवायचा होता. पूल जोडायचा नव्हता!"

"पण खालचं वेल्डिंग पक्कं झालंय, एवढं तरी कबूल करा."

ती हसली… धाप लागेपर्यंत हसली. मग काठीनं पेटती लाकडं बाजूला सारून तिनं निखारे पसरले आणि दुसरं पातेलं चढवलं. धुरानं माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिनं आपला रुमाल पुढे केला.

"सगळे बघतायत," मी म्हणालो.

"बघू देत की. भात करपवताना नाही लाजलात ते!"

तो करपलेला भात कुणीच खाल्ला नाही. मी खाल्ला. ती बघत होती म्हणून.

दुपारी समुद्रकाठचं जुनं दीपगृह बघायला गेलो. आत गोल, अरुंद जिना. सगळे भराभरा वर गेले. मी तिच्या मागे राहिलो, मुद्दामच. पायऱ्या मोजत होती ती. एकेचाळिसाव्या पायरीवर खाली बसली. ओठ निळसर झाले होते.

"दमलात? निम्मं तर झालं."

"माझं एवढंच असतं… तुम्ही जा ना वर. समुद्र दिसतो म्हणे."

"मला इथूनच छान दिसतंय."

या वेळी ती हसली नाही. श्वास जागेवर येईपर्यंत भिंतीला टेकून राहिली.

"माझं हृदय सुजलंय. माझा एक्स-रे मीच बघितलाय. डॉक्टर म्हणतात, औषधं घेऊन पाच वर्षं, फार तर सात. सकाळपासून कसा बघतोयस, ते मला कळतंय. आणि मलाही… जाऊ दे. उद्या बस सुटेपर्यंत विचार कर. नको असेल तर काही बोलू नकोस. लांब कुठेतरी बस. मी रागावणार नाही."

खरं सांगतो, पाच काय न् सात काय, माझ्या डोक्यात शिरलंच नाही. ती मला अरे-तुरे करायला लागली, तेवढंच मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी काका बसच्या दाराशी उभे राहून माणसं मोजत होते. मी चढलो. ती खिडकीपाशी बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

"विचार केलास?"

"केला."

"नीट?"

"सात म्हणजे पुष्कळ झाली गं."

तिनं तोंड खिडकीकडे वळवलं आणि रडायला लागली.

"काय रे, आत्तापासूनच रडवायला लागलास?" काका म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

साडेपाच वर्षं मिळाली. पुष्कळ नव्हती. लोक म्हणतात, तेवढं तरी सुख लाभलं. मी मान हलवतो, म्हणजे ते लवकर उठून जातात. मग चहा टाकतो, तो तसाच गार होतो. तिच्या औषधांचा डबा अजून टाकवत नाही. पुढे काय करायचं, ते मला माहीत नाही. करावंसंही वाटत नाही.

त्या दिवशी ती रस्ताभर रडत होती. मला वाटलं, आनंदानं. मी तिचा हात हातात धरून बसलो होतो, माझ्याइतका सुखी माणूस त्या बसमध्ये दुसरा नव्हता. आता कळतं. आज या खोलीत एकटा बसलेला मी, तो तिला तेव्हाच दिसला होता. ती त्याच्यासाठी रडत होती.