कापडावरची माडी

शिडीवर उभ्या असलेल्या अपेक्षानं पाहिलं, एक परका तरुण पेडगावच्या शाळेच्या आवारात शिरला, बाटलीचं झाकण काढलं आणि तिनं सकाळी रंगवलेल्या नळाखाली बाटली धरून उभा राहिला. तोटीला हात घातला. हात भिंतीवरून घसरला, बोटं रंगली.

तिला हसू आवरेना.

"तुमी आजचे तिसरे," ती वरून म्हणाली. "पहिली शेळी आली. तिनं चाटून बघितलं."

"आन दुसरं?"

"हेडमास्तर."

आता तोही हसला. पण नजर भिंतीवरून हलेना... आणि मग हळूच शिडीवर गेली. गावातल्याच दत्तरावांची ही थोरली लेक चित्रकलेचा डिप्लोमा करून गावोगावच्या शाळांच्या भिंती रंगवायची. नाकाच्या शेंड्याला हिरवा ठिपका लागला होता, तिला त्याचा पत्ता नव्हता.

"मी हरिओम. गंगाखेडचा. फोटो काढतो," तो म्हणाला. "अर्धं खरं, अर्धं रचलेलं. बघणाऱ्यानं कोड्यात पडावं म्हणून. लोकांचे डोळे चकवणं माझा धंदा, आन आज तुमीच मला चकवलं! एक मोठा पडदा रंगवून द्याल?"

"कशाचा? ताजमहालाचा?"

"तुमच्या मनातल्या घराचा."

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं पंधरा हात मांजरपाटावर माडी उभी केली. निळ्या खिडक्या, लाकडी जिना, रुंद उंबरा. हरिओमनं ते कापड दत्तरावांच्या कापसाच्या शेतात बांबूंना ताणून बांधलं. खरी बोंडं थेट रंगवलेल्या ओट्याला टेकली. कापूस कुठं संपतो आणि कापड कुठं सुरू होतं, जवळून बघितलं तरी कळेना.

"उंबऱ्यापाशी उभ्या राहा. कुणाची तरी वाट बघायलाव, असं वाटू द्या."

"कुणाची?"

"ते... तुमी ठरवा."

अपेक्षानं ठरवलं. कॅमेऱ्याच्या वरून थेट त्याच्याकडे पाहिलं. वारा आला, माडी हलली, तुरीची पिवळी फुलं गळाली — आणि हरिओमचं बोट बटणावर तसंच थांबलं.

"काढा की! मान आखडायली माझी."

मग तो दर रविवारी येऊ लागला. ओढणी नीट करायची असली तर तिला हात न लावता स्वतःच्याच खांद्यावर खूण करून दाखवायचा. दर वेळी तिला वाटायचं, आता हा बोलेल. तो म्हणायचा, "थोडं डावीकडं." ती जेवताना घास हातात धरून बसायची. ज्याचं कामच खोट्याला खरं करून दाखवायचं, त्याची नजर खरी धरायची कशी? तो बघतो ते मला, की फोटोला? ती पार गुंतली होती, आणि एकटीच गुंतले असेन या धास्तीनं कासावीस झाली होती.

इकडे दत्तरावांनी, हरिओमनं लेकीच्या फोनवर पाठवलेला तो उंबऱ्यावरचा फोटो बघितला आणि परस्पर जिंतूरच्या स्थळाला धाडून दिला. बापाला त्यात फक्त लेक दिसली. जिंतूरकरांना माडी दिसली.

रविवारी पाहुणे आले. मुलाचे वडील आश्रुबा अंगणात उभे राहून मान वर करकरून बघू लागले.

"माडी कुठाय?"

"कोणती माडी?" दत्तराव गोंधळले.

आश्रुबांनी फोन पुढे केला. दत्तरावांचा चेहरा उतरला. पडदा मुंबईच्या प्रदर्शनाला न्यायचा म्हणून हरिओम ओट्यावर त्याची गुंडाळी करत होता. अपेक्षानंच पुढं होऊन एक टोक उलगडलं. निळी खिडकी जमिनीवर पसरली.

"ही बघा माडी. मीच रंगवली."

"दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ते हेच!" आश्रुबा कडाडले. "पोरगी तरी खरी हाय का, का ती बी रंगवलेली?"

अपेक्षाला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. तेवढ्यात हरिओम उठला.

"काका, फोटोतलं दार खोटं, खिडक्या खोट्या. पोरगी खरी हाय. तिच्याइतकं खरं मी आजवर काई बघितलं न्हाई."

"तुमी कोण?"

हरिओम अडखळला. "मी... फोटोवाला."

पाहुणे पाणीही न पिता जीपमध्ये बसले. दत्तराव आत जाऊन डोकं धरून बसले. अपेक्षा ओट्यापाशी आली.

"फोटोवाला? एवढंच?"

तो दोरीची गाठ उगाच सोडत, बांधत राहिला. "तो उंबऱ्यावरचा फोटो मी मुंबईला न्यायलो न्हाई."

"का? बिघडला?"

"तुमची नजर... मी सांगितलं म्हणून तुमी तसं बघितलं, असं लय समजावलं मनाला. पण लोकांपुढं मांडायचं धाडस हुईना. मला ती माझीच वाटायली..."

"मला नाटक जमत न्हाई, हरिओम." तिचे कान तापले, तरी ती थांबली नाही. "तवा मी तुमचीच वाट बघत होते. आता बी बघायलेय."

हरिओमनं दोरी खाली ठेवली. चप्पल काढली. सरळ आत गेला आणि नवऱ्या मुलासाठी मांडलेल्या खुर्चीवर जाऊन बसला.

"काका, मला विचारा."

"काय विचारू?"

"पाहुण्यांना विचारता ते."

दत्तरावांनी त्याच्याकडे बघितलं. मग दारात उभ्या लेकीकडे.

"गाव?"

"गंगाखेड."

"घर?"

"पत्र्याचं. दोन खोल्या."

"शेत?"

"तीन एकर. कोरडवाहू."

"नोकरी?"

"न्हाई. फोटो काढतो. कधी खपतात, कधी न्हाई."

दत्तराव लेकीकडे वळले. "हे तरी खरं बोलायलंय का?"

"खरं हाय, बापू," अपेक्षा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

दत्तराव उठले. टोपी सारखी केली. स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी बायकोला हाक मारली,

"पार्वती, पोहे गरम कर. पाहुणे बसलेत."