गळ्यातली वायर

"पुन्हा विझलं," लेसर कटरच्या काचेला नाक लावून बसलेला ढब्बू म्हणाला.

मावशीने कपाळाला हात लावला. अंध मुलांच्या शाळेसाठी ती बोटांनी वाचायचा लाकडी नकाशा कापत होती. संध्याकाळी शाळेच्या बाई तो न्यायला येणार होत्या आणि फळी ही शेवटचीच होती.

"मशीनच भंगार आहे," मामा दारातून म्हणाला. "कालच वायर जोडून दिली मी. माझा हात लागला की वस्तू..."

"भंगारात जाते," ढब्बू पुटपुटला. तेवढ्यात मामाचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला.

ढब्बूच्या ताईला घरात सगळे 'शंका' म्हणत, कारण तिला त्या सतत यायच्या. सुट्टीत मावशीकडे आल्यापासून तर त्यांना ऊत आला होता.

"मावशी, हे दर वेळी उजवीकडेच का विझतं? डावीकडे छान कापतं."

मावशी थबकली. लेसरचं डोकं उजव्या टोकाला गेलं की त्याची वायर ताणली जात होती. आपल्या हे लक्षात कसं आलं नाही, याची तिला लाजच वाटली.

मशीन उघडायचं तर मावशीचा एक नियम होता. पॉवरची वायर दोन्हीकडून काढायची आणि कुणाच्या तरी गळ्यात घालायची. आज मान ढब्बूचा होता.

मावशीने झाकण उघडून आत हात घातला. मामाने गुंडाळलेल्या चिकटपट्टीखाली तारा नुसत्या पिळलेल्या होत्या आणि त्यांचं आवरण तापून तपकिरी झालं होतं. शंकाला मात्र आणखी एक पट्टी दिसली, झाकणाच्या स्विचवर.

"झाकण उघडलं की लेसर बंद व्हायला हवा ना? मग हा स्विच दाबून का चिकटवलाय?"

उत्तर यायच्या आत मामा फोनवर बोलतच आत आला. "झालं का? बघू," म्हणत त्याने मशीनचं बटण दाबलं. मावशीचा हात अजून आतच होता.

काहीच झालं नाही.

"लाईट गेली वाटतं," मामा म्हणाला.

"लाईट माझ्या गळ्यात आहे," ढब्बू म्हणाला.

मामाने वायर पाहिली, मग मावशीचा हात, मग ती पट्टी. त्याचा चेहरा पांढरा पडला. "दर वेळी झाकण लावायचा कंटाळा यायचा, म्हणून..." त्याने स्वतःच पट्टी ओढून काढली.

मावशीने जळका भाग कापला आणि थोडी सैल राहील अशी नवी वायर घातली. तिची टोकं कनेक्टरमध्ये घालून स्क्रू आवळले. शंकाने प्रत्येक तार ओढून पाहिली. एकही हलली नाही.

झाकण लागलं आणि ढब्बूच्या गळ्यातली वायर पुन्हा मशीनला जोडली गेली. या वेळी किरण उजव्या टोकापर्यंत गेला आणि विझला नाही.

संध्याकाळी बाईंनी डोळे मिटून नकाशावर बोट फिरवलं. "नदी सापडली," त्या हसून म्हणाल्या. "कुणाची करामत?"

"या दोघांची," मावशी म्हणाली. "माझा हातही यांनीच वाचवला."

"आणि यांच्या गळ्यात काय?" बाईंनी मामाकडे पाहिलं.

"मशीन पुसायला उघडलंय," मामा म्हणाला आणि वायर नीट सावरून मुकाट्याने उभा राहिला.