नाव घेणारी बाई

मोगलाईतला बाजार भरला की अक्कलकोटाकडची माणसं शीव ओलांडून जात. तशीच राजूबाई नवऱ्यासोबत तुरीचं बियाणं घ्यायला गेली होती. बांगड्या भरून उठली आणि पाहते तर नवरा दिसेना. चुकामूक झाली असेल म्हणून ती लिंबाखाली बसून राहिली. ऊन कललं, माणसं पांगली, गुळावरच्या माशाही कमी झाल्या, तरी त्याचा पत्ता नव्हता. घरी अंगावर पिणारी शकू सासूजवळ ठेवलेली. दिवस मावळायच्या आत पोचायला हवं होतं.

शेवटी ती धीर करून पोलीस चौकीची पायरी चढली. परमुलखातली चौकी, त्यात एकटं बाईमाणूस. पण अमीनसाहेबांनी, तिथल्या फौजदारांनी, बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"नवरा हरवलाय, साहेब. अक्कलकोटाकडची हाय मी."

"म्हणजे गैरमुलकी, बाहेरची. नवऱ्याचं नाव?"

राजूबाईनं पदर पुढं ओढला. लग्न झाल्यापासून ते नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं. "आमच्या शकूचं वडील..." एवढंच ती पुटपुटली.

अमीन शिपायाकडं पाहू लागला. "लाल पटकेवाला? तूर घ्यायला आलेला?"

"व्हय, व्हय!"

"तो मघाशीच आला होता. बायको हरवली म्हणत होता. तेवढ्यात ती दारातच येऊन उभी राहिली, तोंडावरून पदर ओढलेला. मी नवऱ्याचं नाव विचारलं तर खडाखडा बोलली, भगवानराव म्हणून. मग काय, गेला घेऊन."

"कुणाला?"

"बायकोला."

राजूबाईला काही कळेना. "मी इथं हाय की, साहेब..."

अमीननं कपाळ चोळलं. "हे पहा बाई, ती नाव घेते, तुम्ही घेत नाही. मी कुणाला खरं मानू? परमुलखातल्या माणसाची ओळख इथल्या कुणीतरी द्यावी लागते. आहे कोणी?"

तिला एकच आठवली, बांगड्या भरणारी सिद्धव्वा. शिपाई तिला घेऊन आला. कमरेवरची टोपली खाली ठेवायच्या आत ती बोलायला लागली.

"अय्यो अक्का, परत पिचकल्या काय गं? तिसऱ्यांदा भरायच्या? नवरा हाय का पैलवान?"

शिपाई फिसकन हसला.

"तिसऱ्यांदा?" राजूबाईनं विचारलं.

"सकाळी भरल्या, मागनं मोकळ्या हातानं परत आलीस की!" बोलता बोलता सिद्धव्वानं तिचा हात हातात घेतला, आणि तिचं हसू विरलं. "हा सकाळचा हात, साहेब. ऊन हाय. दुपारचा हात गार होता... गाळावाणी. मला वाटलं, धुऊन आली असंल..."

 मग अमीननं एक सवार राजूबाईसोबत दिला. "शिवेपर्यंत हा शोधील. पलीकडं आमचा हुकूम चालत नाही. नवरा दिसला तर अलीकडं बोलवा. तुम्ही ओलांडू नका."

शीव म्हणजे एक कोरडा ओढा आणि काठावरचा शेंदूर लावलेला दगड. पाणी नसताना गाळाचा वास येत होता. घोडं दगडापाशी अडलं, काही केल्या पुढं पाऊल टाकीना. आणि पलीकडं, बाभळीखाली, लाल पटका दिसला. नवरा! एकटाच बसलेला.

राजूबाई सगळं विसरली. सवार ओरडतोय तोवर ती ओढा उतरून पलीकडच्या काठाला लागली. त्यानं हात दिला, तिनं तो घट्ट धरला.

"ती कुठं गेली?"

"कोण ती?" तो हसला. "चल, राजू."

तिचं पाऊल तिथंच थांबलं. नवऱ्यानं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. 'अगं ए', नाहीतर 'शकूची आई'. तळव्यातला हात गार पडत चालला होता.

मागून, दगडापासून, धापा टाकत कोणीतरी ओरडलं, "अगं ए, शकूची आई! तिकडं कामून जायलीस? ती बाई वाटंतनंच नाहीशी झाली गं... मी इकडं हाय, इकडं!"

राजूबाईनं हात सोडवायचा प्रयत्न केला. बोटं आवळत गेली, आणि तिच्या मनगटावरच्या नव्या बांगड्या एकेक करून पिचकायला लागल्या.